गाळलेलं ऊन

“मागं थोडी जागा आहे, पण तिथं ऊनच येत नाही. काई उगत नाई तिथं.”

अमरावतीत आणि अकोल्यात लोकांच्या घरच्या बागा आखून देताना हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं, तितकं दुसरं कुठलंच नाही. मग आम्ही दोघं मागच्या दारानं बाहेर येतो. पश्चिमेला शेजारची तीन मजली इमारत, मध्ये दहा-बारा फुटांची पट्टी, कोपऱ्यात जुनी सायकल, गंजलेला कूलर, बांधकामातून उरलेल्या फरश्या, दोरीवर वाळणारे कपडे. महिना मेचा, वेळ दुपारी चारची. आणि ज्या पट्टीत ‘काई उगत नाई’, तिथं उभं राहिलं की लक्षात येतं, या घरातली सगळ्यात सुसह्य हवा इथंच आहे. घरच्यांना हे कळत नाही असं नाही. म्हातारी आई गहू निवडायला तिथंच बसते, मांजर तिथंच झोपतं. पण बाग म्हटलं की डोळ्यांपुढं हिरवळ येते, गुलाबाचे वाफे येतात, मासिकांतली गुळगुळीत चित्रं येतात. त्या चित्रांतलं ऊन महाबळेश्वरचं असतं. आपलं नसतं.

हे पुस्तक त्या पट्टीसाठी लिहिलं आहे. दोनशे-तीनशे चौरस फुटांच्या, तीन बाजूंनी भिंतींनी वेढलेल्या, शहरातल्या लहान जागेसाठी. जिथं संध्याकाळी घरच्या माणसांना टेकता यावं, चार पाहुणे आले तर बाहेर बसवता यावं. एवढ्याशा जागेवर आख्खं पुस्तक कशाला, असं मला जवळच्यांनीही विचारलं. या प्रस्तावनेत त्याचंच उत्तर आहे.

वऱ्हाडात सावली ही उरलीसुरली गोष्ट नाही. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि जिल्हा प्रशासनानं महिनाअखेरपर्यंत कलम १४४ लावलं. जो आदेश एरवी दंग्याधोप्याच्या वेळी निघतो, तो उन्हासाठी निघाला. अशा मुलखात बागेची आखणी फुलांपासून सुरू करणं मला चुकीचं वाटतं. आधी सावली, मग त्या सावलीत बसणारी माणसं, मग बसण्याची जागा, आणि झाडं-फुलं त्यानंतर. हा क्रम उलटा केला की काय होतं, ते मी अनेक अंगणांत पाहिलं आहे. पहिल्या पावसाळ्यात सगळं हिरवंगार, मेपर्यंत सगळं करपलेलं, आणि दुसऱ्या वर्षी तिथं स्कूटर उभी.

सावलीचंही एक गणित आहे आणि ते आपल्या भागापुरतं वेगळं आहे. अकोला साधारण २०.७ उत्तर अक्षांशावर, अमरावती २०.९ वर. त्यामुळे २४-२५ मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशीच विरून जाते. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. नवतपा लागतो तोही २५ मेच्याच सुमारास. म्हणजे सावलीची सर्वांत जास्त गरज असते, नेमकी तेव्हाच दुपारी कुठलीही भिंत सावली देत नाही. डिसेंबरात हेच चित्र फिरतं. दुपारचा सूर्य जेमतेम ४६ अंशांपर्यंत चढतो आणि तीस फूट उंच इमारत उत्तरेला एकोणतीस फूट लांब सावली टाकते. इमारतीच्या उत्तरेची जी पट्टी दिवाळीपासून माघापर्यंत थंडगार असते, तिथं नवतप्यात दुपारचं ऊन सरळ खाली कोसळतं. म्हणून ‘इथं ऊन येत नाही’ असं कुणी म्हणालं, की हे तुम्ही कोणत्या महिन्यात पाहिलं, असं मी पहिल्यांदा विचारते. बहुतेकांनी ते दिवाळीच्या साफसफाईत पाहिलेलं असतं.

सावली कशी उभी करायची, हे मला पुस्तकांनी शिकवलं नाही. ते शिकवलं अंजनगाव सुर्जीच्या एका पानमळ्यानं.

अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीकडे आणि पलीकडे अकोटाच्या बाजूला बारी समाजानं नागवेलीचे मळे पिढ्यान्‌पिढ्या राखले. विड्याचं पान हे मुळात दमट, दाट सावलीच्या प्रदेशातलं. वऱ्हाडच्या वैशाखात ते उघड्यावर दोन दिवस तग धरायचं नाही. तरी ते इथं पिकलं, कारण या लोकांनी त्याच्याभोवती वेगळी हवाच उभी केली. वेल चढवायला मेलेले खांब नाहीत, शेवरी, शेवगा, पांगारा अशी भराभर वाढणारी जिवंत झाडं. शेवरी-शेवग्याचा पाला विरळ आणि बारीक. ऊन अडत नाही, तुटून तुटून खाली येतं. मळ्याला चहूबाजूंनी ताट्या, म्हणजे उन्हाळी झळ आत शिरत नाही. पायाशी सरींतून पाणी, म्हणजे जमीन कधी तापतच नाही. याच सावलीत पानपिंपरीही वाढते, आणि तिचं पीक हीसुद्धा या पट्ट्याची ओळख आहे.

मी तिथं पहिल्यांदा गेले ते मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमारास. बांधावरून येताना चपलेतून चटके बसत होते. ताटीचं छोटं दार ढकलून वाकून आत गेले आणि डोळ्यांना काही दिसेना, इतका उजेडातला फरक. मग हळूहळू हिरवट अंधार उकलत गेला. मातीचा आणि ओल्या पानांचा वास आला. वर पाहिलं तर शेवरीच्या पानांतून उन्हाचे पैशाएवढे ठिपके हलत होते, आणि मळा राखणारे काका त्याच ठिपक्यांत बसून पानं खुडत होते. एवढ्या सावलीत वेल वाढते कशी, असं मी विचारलं. हात न थांबवता ते म्हणाले, “पानाले ऊन पायजे बाई, पण गाळून पायजे.”

या पुस्तकाचं नाव तिथून आलं. नावच नाही, सगळी रीतच तिथून आली. वर गाळणारं छप्पर, बाजूला झळ अडवणारी ताटी, खाली ओल धरणारी जमीन. या तीन गोष्टी जुळल्या की अकोल्याच्या भर वस्तीतल्या बारा फुटांतही हवा बदलते. यातली एक जरी नसली, तर बाकीच्या दोन पुरत नाहीत.

आपल्या जुन्या घरांनाही हे ठाऊक होतं. पुढं सपरी, मध्ये आंगण, आंगणात कडुनिंब आणि त्याखाली बाज. सपरीत बंगई, म्हणजे झोपाळा. कोपऱ्यात ओल्या फडक्यानं गुंडाळलेला रांजण. उन्हाळा लागला की दारापुढं मांडव पडायचा, लग्न असो वा नसो. वर पऱ्हाट्या, तुराट्या, त्यावर पळसाचा नाहीतर जांभळाचा पाला. मांडवाचा आडोसा तुराट्यांच्या कुडाचा. संध्याकाळी सडा टाकला की पंधरा-वीस मिनिटांत बसण्याजोगं व्हायचं. हे नुसतं मनाला वाटायचं नाही. आपला एप्रिल-मे कोरडा असतो, हवेला पाणी हवं असतं, म्हणून ओली जमीन आणि ओला माठ भराभर थंड होतात. तोच सडा ऑगस्टात टाकला तर नुसता चिखल होतो, कारण हवा आधीच भरलेली असते. कारंजं बसवायचं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते: ते मेमध्ये उपयोगाचं आहे आणि श्रावणात डासांचं.

बाळापूरला मिर्झाराजे जयसिंगांची म्हणून ओळखली जाणारी काळ्या दगडाची छत्री अनेकांनी पाहिली असेल. मन आणि म्हैस या नद्यांच्या सान्निध्यात, उंच जोत्यावर, चारी बाजूंनी मोकळी. भिंत नाही, दार नाही. डोक्यावर सावली, आणि खालून-बाजूंनी वारा. सतराव्या शतकात या मुलखात उतरलेल्या एका बड्या सरदाराच्या नावानं इथं मागं काय राहिलं, तर बसायची एक सावली. मला ती वऱ्हाडातल्या बागेची सर्वांत जुनी आकृती वाटते, भोवती एकही फुलझाड नसताना.

मग कूलर आले. कूलरबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्यांनी कितीतरी म्हाताऱ्या जिवांना मे पार करायला मदत केली. पण कूलरबरोबर सगळं घर आत गेलं, दारं लागली, आणि आंगण कुणाचंच राहिलं नाही. आधी तिथं फरशी आली, मग पत्र्याचं शेड, मग गाडी. अमरावतीच्या रुक्मिणीनगरात, राजापेठेत, अकोल्याच्या रामदासपेठेत आणि गोरक्षण रोडला एकेका प्लॉटवर बंगल्याच्या जागी फ्लॅट उभे राहिले आणि बाजूला कायद्यानं सोडावी लागलेली पट्टी तेवढी मोकळी राहिली. आंगणाबरोबर पाहुणचाराची एक तऱ्हाही गेली. आता पाहुणे सोफ्यावर टीव्हीसमोर बसतात आणि अर्ध्या तासात उठतात. बाजेवर बसलेला पाहुणा जेवल्याशिवाय हलत नसे.

ही अडचण फक्त आपलीच आहे असं नाही. क्योटोच्या जुन्या व्यापारी घरांत, दोन भिंतींच्या फटीत, ‘त्सुबोनिवा’ नावाच्या इवल्याशा बागा असतात. त्सुबो हे तिथलं जागेचं माप, साधारण छत्तीस चौरस फुटांचं. तेवढ्यात एक नेचा, एक दगडी कुंड, थोडं शेवाळ, आणि घरभर हवा खेळवणारी सावली. तिथंही उन्हाळ्याच्या संध्याकाळी दारापुढं पाणी शिंपडतात, त्याला ‘उचिमिझु’ म्हणतात. आपला सडाच तो. कॅलिफोर्नियात थॉमस चर्च या बागरचनाकारानं १९५५ साली ‘गार्डन्स आर फॉर पीपल’ नावाचं पुस्तक लिहिलं. बागा माणसांसाठी असतात, हे त्याला पुस्तकाच्या नावातूनच सांगावंसं वाटलं. घराला जशा खोल्या, तशी बाग ही एक बिनछताची खोली, हा विचार त्याच्या कामानं रुजवला. आपल्याला तो नवा वाटू नये. आपली सपरी आणि आंगण दुसरं काय होतं? फरक एवढाच की वऱ्हाडात त्या खोलीला छत हवं. पक्कं नव्हे, गाळणारं.

आता एक अंगण जवळून दाखवते. अकोल्याच्या जठारपेठेतलं, बारा फूट रुंद आणि बावीस फूट लांब, घराच्या पूर्वेला. घरात निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी, मुलं बाहेरगावी. त्यांना हिरवळ हवी होती आणि मध्ये कारंजं. मी एक खडू घेतला आणि त्यांना सांगितलं, आठ दिवस काही करू नका. सकाळी सात, दुपारी बारा, चार आणि सहा वाजता सावलीची कड जिथं येईल तिथं रेघ ओढा. काकूंनी ते काम मन लावून केलं. आठव्या दिवशी अंगणाची फरशी रेघांनी भरली होती आणि त्या रेघांनीच अर्धी बाग आखून दिली होती. घर पश्चिमेला असल्यानं दुपारी दीडनंतर घराचीच सावली अंगणावर येत होती. संध्याकाळपर्यंत सगळं सावलीत. म्हणजे संध्याकाळच्या बैठकीला याहून चांगली जागा सापडणार नव्हती. त्रास होता तो सकाळी नऊ ते दीडचा, आणि उत्तरेच्या उघड्या सिमेंटच्या भिंतीचा. मेमध्ये ती भिंत सकाळी तापे आणि दुपारी पुन्हा तापे, आणि रात्री नऊपर्यंत तिच्यातून धग येई. लोक हवेला दोष देतात. पुष्कळदा दोष भिंतीचा असतो.

आम्ही हिरवळ लावली नाही. सावलीत ती धरत नाही आणि उन्हात तिला जेवढं पाणी लागतं तेवढं अकोल्यात मागणं योग्य नाही. त्या भिंतीला दीड फूट सोडून बांबूची ताटी उभी केली आणि तिच्यावर मधुमालती चढवली. दीड फुटांच्या फटीतून गरम हवा वर निघून जाते. पूर्वेच्या कंपाउंडला लागून सोळा फूट लांब ओटा बांधला, उंची सोळा इंच, बैठक दीड फूट. माणशी दोन फूट धरले तर आठ माणसं खुर्च्या न आणता बसतात, आणि बसणारं कुणी नसेल तेव्हा जागा मोकळी दिसते. लहान बागेत खुर्च्या सगळी जागा खातात. मधल्या भागावर साडेआठ फुटांवर बांबूचा मांडव, त्यावर तट्टे असे अंथरले की दोन तट्ट्यांमध्ये चार बोटं फट राहील. त्याखाली बंगई. तिच्या पुढं-मागं तीन-तीन फूट मोकळे सोडले, नाहीतर येणारा-जाणारा गुडघे फोडून घेतो. शेजाऱ्यांचा कडुनिंब कंपाउंडवरून आत झुकला होता आणि त्याची फांदी छाटायचं ठरलं होतं. ते मी हात जोडून थांबवलं. तयार सावली, तीही वीस वर्षांची, फुकट मिळत होती.

मांडवाबद्दल एक गोष्ट इथंच सांगते, कारण ती सर्वांत जास्त चुकते. डोक्यावरचं छप्पर दुपारचं ऊन अडवतं. पण पाहुणे येतात साडेपाच-सहाला, आणि मेमधला तेव्हाचा सूर्य पश्चिमेच्याही थोडा उत्तरेकडून, आडवा, डोळ्यांत येतो. त्याला छप्पर काही करत नाही. ज्यांची जागा घराच्या पश्चिमेला आहे त्यांनी आधी उभी ताटी करावी, छप्पर नंतर. तुराट्यांची ताटी दोन उन्हाळे चालते, बांबूची नीट केलेली बरीच वर्षं. आपल्याकडे अजून बुरड मंडळी तट्टे विणून देतात, आणि मेळघाटात लवाद्याच्या संपूर्ण बांबू केंद्रानं बांबूचं काम किती सफाईचं होऊ शकतं ते दाखवलं आहे. बांबू कच्चा वापरला तर भुंगा लागून पीठ होतं. बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून घेतला तर टिकतो. अमरावतीच्या वडाळीच्या बांबू उद्यानात एकदा फिरून यावं. पण तिथलं बेट घरी लावण्याचा मोह आवरावा. दहा फुटांच्या जागेत ते पाच वर्षांत भिंत उचलतं.

भिंत उचलण्यात आपली मातीही कमी नाही. वऱ्हाडची काळी माती कापसाला आई आहे, फरशीला वैरी. पावसात फुगते, उन्हात आकसून हातभर भेगा पडतात. माझ्या स्वतःच्या अमरावतीच्या घरामागं ठेकेदारानं काळ्या मातीवरच सिमेंट ओतून सुरेख टाइल्स बसवून दिल्या होत्या. मी तेव्हा नवखी होते, विचारलं नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर त्या मधोमध उचलल्या गेल्या आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तडकल्या. सगळं उकरावं लागलं. तेव्हापासून माझा नेम आहे: फूट-दीड फूट काळी माती काढायची, मुरूम भरून दाबायचा, वर वाळू, आणि तिच्यावर सुटी शहाबादी किंवा कडप्पा, सांध्यांत सिमेंट न भरता. जमीन हलली तर फरशी तिच्याबरोबर हलते, फुटत नाही. सांध्यांतून पाऊस आत मुरतो, आणि संध्याकाळचा सडाही. काढलेली माती टाकायची नाही. पालापाचोळा, शेणखत आणि वाळू मिसळली की तीच कुंड्यांना उत्तम.

पाण्याविषयी पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे, कारण इथं पाण्याचे दोन प्रश्न आहेत. एक, ते कमी आहे. अकोला काटेपूर्णेवर, अमरावती अप्पर वर्ध्यावर जगते, आणि उन्हाळ्यात नळ रोज येईलच असं नाही. दुसरं, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारट आहे. नर्सरीतून आणलेल्या अरेका पामची, स्पायडर प्लांटची पानं टोकाकडून तपकिरी होऊ लागली की लोक पाणी कमी पडलं समजून आणखी पाणी घालतात, म्हणजे आणखी मीठ घालतात. त्या पाण्यावर करंज, कडुनिंब, बोगनवेल, कोरफड तग धरतात. नाजूक पानांची झाडं नाहीत. उपाय डोक्यावरच आहे. आपल्याकडे वर्षाला साधारण आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर त्याचे सत्तर हजार लिटरांहून जास्त होतात. त्यातलं पाच हजार लिटर टाकीत धरलं, तरी लहान सावलीच्या बागेचा उन्हाळा बराचसा निघतो. उरलेलं जमिनीत मुरवलं की मातीतलं मीठ धुऊन खाली जातं.

आणि आच्छादन. वाळलेला पाला झाडून, गोळा करून, पेटवून देण्याची सवय मला पाहवत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी शेतकऱ्यांना आच्छादनाचं महत्त्व देशभर फिरून सांगितलं. शेतातलं ते शहाणपण बारा फुटांच्या अंगणात तर जास्तच लागू पडतं. बुडाशी चार इंच पाल्याचा थर असला, की दिवसाआड द्यायचं पाणी चार दिवसांनी दिलं तरी चालतं, हा माझ्या अंगणातला अनुभव आहे.

झाड निवडताना मी एकच प्रश्न विचारते: वैशाखात याच्या अंगावर पानं असतात का? सीताफळ सुरेख दिसतं, पण ऐन उन्हाळ्यात उघडंबोडकं असतं. बहावा मेमध्ये पिवळ्या झुंबरांनी लदलेला असतो, बघून डोळे निवतात. पण तेव्हा त्याची पानं गळालेली असतात, खाली बसता येत नाही. याउलट कडुनिंब आणि करंज शिशिरात, फाल्गुनात पानं टाकतात आणि चैत्रात नव्या पालवीनं भरून येतात. थंडीच्या अखेरीला ऊन सोडतात, उन्हाळ्यात गाळतात. इतकं शहाणं झाड दुसरं नाही. पण कडुनिंब मोठा होतो, घराच्या पायापासून वीस फूट तरी लांब हवा. लहान जागेत बकुळ लावावी, वाढायला वेळ घेते पण बारमाही दाट राहते. घाई असेल तर शेवगा किंवा शेवरी; पुढं बकुळ वर आली की शेवगा काढता येतो. गुलमोहर मी लावू देत नाही. वावटळीत त्याच्या फांद्या मोडतात, आणि लहान अंगणात त्या कुणाच्या तरी छपरावरच पडतात.

सावलीतल्या लागवडीला तर आपल्याकडे अर्धं स्वयंपाकघर उपयोगी पडतं. धोपा म्हणजे अळू, हळद, आलं, गवती चहा, गोडनिंब. धोप्याचं एक रुंद पान सहा फुलझाडांचं काम करतं, आणि पाहुणे यायचे असतील त्या दिवशी त्याच्या वड्याही होतात. हळद पावसाळ्यात कंबरेएवढी होते आणि हिवाळ्यात सुकून जाते. त्या रिकाम्या जागेत तेव्हाच ऊन हवं असतं, म्हणजे दोन्ही जमतं. मांडवाच्या एका खांबावर नागवेल चढवावी, असा माझा आग्रह असतो. ती इथं पिढ्यान्‌पिढ्या रुळलेली आहे, आणि जेवणानंतर वेलीवरून पान तोडून देण्यासारखा पाहुणचार नाही. सावलीत फुलंच नाहीत असंही नाही. पारिजातकाला अर्ध्या दिवसाचं ऊन पुरतं, रातराणीलाही. अबोली उन्हापेक्षा आडोशाला खुलते. औषधी झाडांची ओळख करून घ्यायची असेल तर अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातलं नागार्जुन उद्यान आहे. रोपं विकत घेण्याआधी तिथं एक सकाळ घालवावी. कोणतं झाड दाट सावलीत सुखी आहे, ते पाटी न वाचताही दिसतं.

कुंड्या कमी आणि मोठ्या. तीस लहान कुंड्या मेमध्ये दिवसातून दोनदा पाणी मागतात आणि माणूस त्यांचा नोकर होतो. चार मोठ्या, दीड-दोन फुटी, पुरे.

बाग कुणासाठी, हे पुन्हा सांगते: माणसांसाठी. आणि वऱ्हाडात माणसं जमण्याचं आपलं पंचांग आहे. भाद्रपदाच्या पुनवेला भुलाबाई बसते आणि महिनाभर मुली घरोघरी गाणी म्हणत फिरतात. दहा-बारा मुली फेर धरतील एवढी मोकळी फरशी लागते, म्हणजे साधारण दहा फुटांचं वर्तुळ. ते मोकळं ठेवायला शिकणं हा लहान बागेतला अवघड भाग आहे. मध्ये काही नाही म्हणून लोकांना चैन पडत नाही. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर उभा राहतो, चुलीवर दूध आटतं, आणि मांडवाच्या वरचे दोन तट्टे त्या रात्री काढून ठेवायचे असतात; म्हणून ते खिळ्यांनी न ठोकता सुतळीनं बांधावेत. पौष-माघात हुरडा, तेव्हा बैठक सावलीतून उन्हात हलते. ओट्याचं एक टोक मांडवाबाहेर ठेवण्याचं कारण ते. रोडग्यांचा बेत मात्र भिंतींनी कोंडलेल्या अंगणात करू नये. गोवऱ्यांचा धूर जायला वाट नसते आणि वरच्या मजल्यावरचे शेजारी खोकत राहतात. त्यासाठी शेतातच जावं. मेमध्ये रसाळी. आमरस, पोळी, कुरडई, आणि संध्याकाळी सडा टाकलेल्या फरशीवर उघड्या पायांनी बसलेली माणसं. ही माझी सर्वांत आवडती वेळ आहे आणि हे पुस्तक मी खरं तर तिच्यासाठीच लिहिलं.

दिवे कमी लावावेत, खाली लावावेत, पिवळसर लावावेत. पहिल्या पावसानंतर पांढऱ्या दिव्याखाली जेवायला बसलेल्यांना किड्यांचा अनुभव आहेच. पाण्याचं कुंड ठेवलं तर त्यात गप्पी मासे सोडावेत, आणि कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा पालथ्या घालाव्यात. डेंग्यूचा डास असल्याच पाण्यात वाढतो.

पुढच्या प्रकरणांत बारा अंगणांच्या आखण्या आहेत, सहा अमरावतीच्या आणि सहा अकोल्याच्या. मालकांची नावं दिलेली नाहीत, मापं मात्र खरी आहेत. प्रत्येक आखणीबरोबर सावलीच्या रेघांची दोन चित्रं आहेत, एक मेचं आणि एक डिसेंबरचं. काही जागी बाग फसली आहे, तीही दिली आहे. बडनेऱ्याकडच्या एका अंगणात मी वाऱ्याची दिशा चुकवली आणि ताटीमुळे सगळी हवाच कोंडली. ते चित्र वाचकांनी नीट पाहावं. हिरवळ, गुलाब आणि गच्चीवरची भाजी यांवर या पुस्तकात काही नाही. त्यांना ऊन लागतं.

पुस्तकातलं पहिलं चित्र मात्र कुठल्याही अंगणाचं नाही. ते अंजनगावच्या त्या मळ्याचं आहे. मापं घ्यायला मी टेप घेऊन पुन्हा गेले तेव्हा काकांनी टेप बाजूला ठेवला आणि शेवरीच्या दोन झाडांमधलं अंतर वितीनं मोजून दाखवलं, ताटीची उंची स्वतःच्या खांद्याशी उभं राहून. मी ती मापं फुटांत बदललेली नाहीत. चित्रात तशीच लिहिली आहेत.

अमरावती
वैशाख